बॅकअपमधून सर्व्हर परत उभा करणे

बेगम बाजारातील बऱ्याच पेढ्यांत आणि आपल्या समाजाच्या संस्थांत आता एखादा छोटा सर्व्हर असतो. तो बहुधा दुकानाच्या माळ्यावर किंवा कार्यालयाच्या कोपऱ्यात, बॅटरीच्या इन्व्हर्टरशेजारी ठेवलेला असतो. पेढीचे हिशेब, गिऱ्हाइकांची उधारी, सभासदांची यादी, ग्रंथालयाची सूची, जुन्या स्मरणिकांच्या स्कॅन केलेल्या प्रती असे सगळे त्यात साठलेले असते. बॅकअप घेता का असे विचारले तर दहापैकी आठ जण गल्ल्यातला पेनड्राइव्ह काढून दाखवतात. त्यातून कधी काही परत आणून पाहिले आहे का, असे विचारले की मात्र उत्तर येत नाही.

म्हणून हा लेख बॅकअप कसा घ्यावा याविषयी नाही. घेतलेला बॅकअप परत कसा चढवावा, तो बरोबर चढला हे कसे ओळखावे आणि त्या गडबडीत उरलासुरला डेटा कसा घालवू नये, याविषयी आहे. लिनक्सच्या आज्ञा धरून लिहिले आहे, विंडोजविषयी पुढे थोडे आहे. आज्ञांची नावे वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत. मशीनवर ती इंग्रजी लहान अक्षरांतच टाइप करावी लागतात.

आज्ञाच का वापरायच्या, असे तरुण मंडळी विचारतात. कारण बंद पडलेल्या सर्व्हरवर खिडक्या आणि चित्रे असलेला पडदा बहुधा येतच नाही. शिवाय टाइप केलेली आज्ञा कागदावर लिहून ठेवता येते, फोनवर सांगता येते आणि पुढच्या वेळी जशीच्या तशी चालवता येते. 'इथे क्लिक केले, मग काहीतरी आले' याची नोंद ठेवता येत नाही. काम सुरू करताना 'स्क्रिप्ट' ही आज्ञा दिली, तर पुढचे सगळे टाइप केलेले आणि पडद्यावर आलेले एका फाइलीत उतरत जाते. ही सवय जरूर लावून घ्यावी.

बँकेच्या शाखेतली जुनी पद्धत

१९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांत आधी खतावणीची यंत्रे आली आणि नव्वदीच्या दशकात पूर्ण शाखाच संगणकावर जाऊ लागल्या. पुष्कळ शाखांत एससीओ युनिक्स होते. काळा पडदा, हिरवी किंवा पांढरी अक्षरे आणि माउस नावालाही नाही. बी.कॉम. होऊन आलेल्या आम्हा लोकांना 'टार' आणि 'सीपीआयओ' या आज्ञा लेजरच्या पानांसारख्या पाठ झाल्या होत्या. दिवसअखेरचे काम संपले की टेपवर बॅकअप घ्यायचा. सोमवारची टेप वेगळी, मंगळवारची वेगळी, महिनाअखेरची त्याहून वेगळी. एक प्रत शेजारच्या शाखेच्या तिजोरीत जायची आणि मुख्य पासवर्ड लाखेने बंद केलेल्या पाकिटात, दोन अधिकाऱ्यांच्या ताब्यात असायचा.

दुपारी दोन वाजता मशीन बसले तर पद्धत ठरलेली होती. काल रात्रीची टेप चढवायची, म्हणजे शाखा काल संध्याकाळच्या स्थितीत येते. मग सकाळपासूनची व्हाउचरे क्रमाने पुन्हा नोंदवायची. शेवटी कॅशियरकडची रोख मोजून पडद्यावरच्या शिलकेशी ताळा घ्यायचा. ताळा जुळेपर्यंत शाखा सुरू झाली असे कोणी मानत नसे. आजच्या डेटाबेसमध्येही हेच चालते. बॅकअप म्हणजे कालची टेप, डेटाबेसचा लॉग म्हणजे आजची व्हाउचरे. हे एवढे लक्षात ठेवले तर पुढचे सगळे सोपे जाते.

हात लावण्याआधी

सर्व्हर बंद पडला किंवा चुकून काही पुसले गेले, की पहिली ऊर्मी घाईची असते. तिला आवरावे. पुसलेली फाइल डिस्कवरून लगेच नाहीशी होत नाही, तिची जागा फक्त 'मोकळी' म्हणून नोंदली जाते. त्यावर नवे काही लिहिले गेले की ती खरोखर जाते. (नव्या एसएसडी डिस्कवर ही जागा आपोआपही साफ होते, म्हणून तिथे आशा कमी.) तेव्हा जुन्या डिस्कवर काही लिहू नये आणि बॅकअप तिच्यावरच चढवू नये. नवी डिस्क आणावी. तिची किंमत एका दिवसाच्या बंद दुकानापेक्षा कमीच असते.

जुनी डिस्क खरखर आवाज करत असेल तर तिची आधी जशीच्या तशी प्रत काढावी. त्यासाठी 'डीडीरेस्क्यू' चांगले. ते वाचता येणारा भाग आधी उचलते आणि खराब जागा नोंदवून नंतर पुन्हा प्रयत्न करते. जुन्या 'डीडी' आज्ञेनेही हे होते, पण तीत 'आयएफ' म्हणजे कुठून आणि 'ओएफ' म्हणजे कुठे. या दोघांची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि आज्ञा एकदाही विचारत नाही. त्यामुळे आधी 'एलएसबीएलके' देऊन कोणती डिस्क कोणत्या नावाने दिसते ते आकारासह पाहावे आणि कागदावर लिहावे. बॅकअपची डिस्क जोडताना ती फक्त वाचण्यापुरती जोडावी. 'माउंट' आज्ञेत त्यासाठी 'आरओ' हा पर्याय आहे.

आणि आपण कोणत्या मशीनवर बसलो आहोत हे 'होस्टनेम' आज्ञेने खात्री करून घ्यावे. हे वाचताना हसू येईल, पण ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या जगभर वापरल्या जाणाऱ्या कंपनीत नेमके हेच झाले. दुय्यम सर्व्हरवरचा डेटाबेसचा फोल्डर पुसायचा होता, आज्ञा चालली ती मुख्य सर्व्हरवर. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले तेव्हा ती थांबवली गेली. मग बॅकअप शोधू लागले, तर रोजचा बॅकअप कित्येक दिवस तयारच होत नव्हता. डेटाबेस नव्या आवृत्तीचा आणि बॅकअपची आज्ञा जुन्या आवृत्तीची, म्हणून ती रोज नापास होत होती. नापास झाल्याचे ईमेल पाठवले जात होते, पण समोरचा ईमेल सर्व्हर ते नाकारत होता. शेवटी एका कर्मचाऱ्याने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेली प्रत सापडली आणि तिच्यावर सगळे उभे राहिले. मधल्या सहा तासांचा डेटा गेला. ही सगळी हकीकत कंपनीने स्वतःच जाहीर केली, हे तिचे मोठेपण म्हणावे लागेल. इतके तज्ज्ञ असलेल्या ठिकाणी बॅकअप 'होत असेल' असे सगळे धरून चालले होते.

प्रत तपासणे

बॅकअप चढवण्याआधी तो धड आहे का हे पाहावे. आधी 'एलएस'ने आकार आणि तारीख. काल ४ जीबी आणि आज ४० केबी असेल तर काय ते समजावे. मग 'जीझिप'ला टी हे अक्षर देऊन दाबलेली फाइल शेवटपर्यंत वाचता येते का ते पाहावे. यात काही उलगडले जात नाही, फक्त तपासणी होते. बॅकअप घेताना 'शा-२५६-सम' या आज्ञेने फाइलीचा ठसा काढून ठेवला असेल, तर त्याच आज्ञेला सी अक्षर देऊन तो पडताळता येतो. एक अक्षर बदललेले असले तरी ठसा जुळत नाही. नोटेच्या क्रमांकासारखा हा प्रकार आहे.

'टार'च्या तीन अक्षरांत बहुतेक काम भागते. सी म्हणजे गाठोडे बांधणे, टी म्हणजे गाठोड्यातली यादी वाचणे, एक्स म्हणजे सोडणे. नेहमी आधी टी द्यावा. यादी डोळ्यांखालून घालावी आणि हवा तो फोल्डर त्यात आहे ना ते पाहावे. पुष्कळदा बॅकअप रोज नेमाने झालेला असतो, पण भलत्याच फोल्डरचा. तीन वर्षांपूर्वी डेटा नव्या डिस्कवर हलवलेला असतो आणि बॅकअप जुन्या रिकाम्या जागेचाच चाललेला असतो.

बाजूला सोडणे

यादी ठीक असली तरी मूळ जागी सोडू नये. एक रिकामा फोल्डर करून तिथे सोडावे. 'टार'मध्ये मोठा सी देऊन हे ठिकाण सांगता येते. छोट्या आणि मोठ्या अक्षरांत इथे फरक आहे, छोटा सी दिला तर तो गाठोडे बांधायला निघेल. सोडताना पी हे अक्षरही द्यावे, म्हणजे फाइलींचे अधिकार जसेच्या तसे येतात. नव्या मशीनवर जुन्या वापरकर्त्यांची नावे नसतील किंवा वेगळ्या क्रमांकांवर असतील, तर फाइली भलत्याच्या नावावर बसतात आणि प्रोग्राम 'परवानगी नाही' म्हणून अडतो. मग 'चोन' आज्ञेने मालकी सुधारावी लागते. डेटा परत आला तरी सॉफ्टवेअर सुरू होत नाही अशी तक्रार येते, तेव्हा आधी हेच तपासावे.

बाजूच्या फोल्डरमधून मूळ जागी नेण्यासाठी 'आरसिंक' उत्तम. तिला एन अक्षर दिले की ती काहीही न करता, काय केले असते एवढेच दाखवते. ही यादी वाचल्याशिवाय खरी आज्ञा देऊ नये. 'आरसिंक'मध्ये दोन जागी माणसे फसतात. पहिली म्हणजे, मूळ फोल्डरच्या नावाशेवटी तिरपी रेघ असली तर आतला माल जातो, नसली तर फोल्डरसकट जातो. दुसरी म्हणजे 'डिलीट' हा पर्याय. मूळ ठिकाणी नसलेले सगळे तो समोरच्या ठिकाणाहून पुसतो. रिकाम्या फोल्डरकडून भरलेल्या फोल्डरकडे ही आज्ञा चालली की दोन्ही रिकामे. विंडोजवरच्या 'रोबोकॉपी'त हेच काम 'एमआयआर' हा पर्याय करतो, तेव्हा तिथेही हीच काळजी.

टॅलीसारखे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी सॉफ्टवेअरच्या मेन्यूतलाच रिस्टोर वापरावा हे बरे, पण तोही वेगळ्या फोल्डरमध्ये. चालू कंपनीवर जुना बॅकअप चढला तर मधल्या दिवसांच्या नोंदी त्याखाली गाडल्या जातात.

डेटाबेस आणि आपली देवनागरी

ग्रंथालयाची सूची किंवा सभासदांची यादी बहुधा मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीत असते. चालू डेटाबेसच्या फाइली नुसत्या कॉपी करून ठेवलेल्या असतील तर त्यांचा भरवसा नाही, कारण कॉपी होत असतानाच नोंदी बदलत असतात. 'मायएसक्यूएल-डंप'ने घेतलेला बॅकअप साध्या मजकुराची फाइल असते. तिचा शेवट 'टेल' आज्ञेने पाहावा. डंप पूर्ण झाल्याची ओळ तारखेसह शेवटी दिसली तर फाइल पूर्ण आहे. ती ओळ नसेल तर मध्येच वीज गेली असेल किंवा डिस्क भरली असेल, आणि यादीतले शेवटचे सभासद त्यात नसतील.

डंप घेताना बाण उजवीकडे, चढवताना डावीकडे. चढवायच्या वेळी चुकून उजवीकडचा बाण दिला तर बॅकअपची फाइल त्याच क्षणी कोरी होते. म्हणून मूळ डंप फाइलीवर कधी काम करू नये, तिची प्रत करून तिच्यावर करावे. चढवायचेही वेगळ्या नावाच्या नव्या डेटाबेसमध्ये. आधी डंपच्या सुरुवातीला 'यूज' असा शब्द घेऊन जुन्या डेटाबेसचे नाव आले आहे का ते 'ग्रेप'ने शोधावे. आले असेल तर आपण कितीही नवे नाव दिले तरी माल जुन्यातच जाईल.

पोस्टग्रेस वापरणाऱ्यांसाठी 'पीजी-रिस्टोर' आहे. तिला एल अक्षर दिले की ती आतली यादी दाखवते. बाकी तत्त्व तेच.

आता आपल्या भाषेचा प्रश्न. चढवल्यावर आकडे बरोबर येतात, पण नावांच्या जागी चिन्हे दिसतात. ती तीन प्रकारची असतात आणि तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत. एकापुढे एक नुसती प्रश्नचिन्हे दिसली तर कुठेतरी देवनागरी न समजणाऱ्या कोष्टकात अक्षरे कोंबली गेली आणि मूळ अक्षर तिथेच नष्ट झाले. ती प्रत सोडून जुनी प्रत शोधावी लागते. टोप्या-टिंबे लावलेली रोमन अक्षरे दिसली, त्यातही ए या अक्षरावर तिरकी रेघ पुन्हापुन्हा आली, तर घाबरू नये. माल शाबूत आहे, वाचणारा चुकतो आहे. डेटाबेस, कोष्टक आणि जोडणी या तिन्हींचा अक्षरसंच 'यूटीएफ-८-एमबी-४' करून पुन्हा चढवले की बहुतेक वेळा नावे नीट येतात.

तिसरा प्रकार जुन्या संस्थांत भेटतो. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षे स्मरणिका, वधू-वर सूची, सभांची इतिवृत्ते श्री-लिपीसारख्या पॅकेजात किंवा सी-डॅकच्या आयएसएमच्या फाँटमध्ये टाइप होत. ती युनिकोड नव्हती. आज ती फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांची निरर्थक भेळ दिसते आणि 'करप्ट झाली' म्हणून लोक टाकून देतात. ती करप्ट नसते. तिला तिचाच फाँट हवा असतो, किंवा त्या फाँटचे युनिकोड रूपांतर करणारे साधन. जुन्या स्मरणिकांत इथल्या मराठी घराण्यांची वंशावळ, गावे, देणगीदार यांची जी माहिती आहे ती दुसरीकडे नाही. म्हणून बॅकअपच्या फोल्डरातच त्या फाँटच्या फाइली आणि ज्या प्रोग्रामने फाइल बनली त्याचे नाव व आवृत्ती लिहिलेली एक चिठ्ठी ठेवावी. अशी फाइल हाती आली तर पुसू नये आणि 'दुरुस्त' करायलाही जाऊ नये. प्रत करून बाजूला ठेवावी.

आजची व्हाउचरे

कालचा डंप चढला, आता आजच्या नोंदी. मायएसक्यूएलमध्ये बायनरी लॉग आधीपासून सुरू ठेवला असेल, तर 'मायएसक्यूएल-बिनलॉग' या आज्ञेने डंपनंतरच्या नोंदी क्रमाने पुन्हा चालवता येतात. कोणत्या वेळेपर्यंत चालवायच्या हेही सांगता येते. कोणी ११ वाजून २० मिनिटांनी चुकून यादी पुसली असेल तर ११ वाजून १९ मिनिटांपर्यंत आणून थांबायचे, नाहीतर पुसण्याची नोंदही इमानाने पुन्हा चालेल. लॉग नसेल तर बिलबुक, पावत्या आणि मुनीमजींची वही घेऊन हाताने नोंदवायचे. रोजमेळ कागदावर लिहिणारे जुने दुकानदार इथे तरुणांपेक्षा लवकर सुटतात, हे मी पाहिले आहे.

मग ताळा. प्रत्येक कोष्टकातल्या नोंदींची संख्या मोजून जुन्या आकड्याशी लावावी. शेवटचा बिल क्रमांक, शेवटचा पावती क्रमांक, तेरीज, रोख शिल्लक, बँकेची शिल्लक पाहावी. यातला निदान एक आकडा संगणकाबाहेरचा हवा: पासबुकातला, कागदी पावतीवरचा किंवा गल्ल्यातल्या रोखीचा. संगणकाचा आकडा संगणकाच्याच आकड्याशी जुळवला तर तो जुळणारच. ताळा जुळल्यावर मगच लोकांना नोंदी करू द्याव्यात, आणि जुनी डिस्क निदान पुढचे ३१ मार्चचे हिशेब बंद होईपर्यंत कपाटात ठेवावी. (३१ मार्च हा जागतिक बॅकअप दिनही आहे. ठरवणाऱ्यांच्या डोक्यात आपले आर्थिक वर्ष नसणार, पण आपल्याला लक्षात ठेवायला सोयीचे.)

प्रती कुठे असाव्यात

परत आणायला काहीतरी शिल्लक असले तर वरचे सगळे. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम आज सगळे सांगतात. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. 'दुसरे ठिकाण' म्हणजे अफझलगंजातल्या भावाचे दुकान नव्हे. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसी नदीच्या पुरात हा सगळा नदीकाठ एकदमच बुडाला होता. त्यानंतर उस्मानसागर आणि हिमायतसागर बांधले गेले, तरी ऑक्टोबर २०२० च्या पावसात शहराची काय दशा झाली ते आपण पाहिले. एक प्रत कुकटपल्लीला किंवा नांदेड-लातूरकडच्या नातलगांकडे, कुलूपबंद आणि पासवर्ड लावून ठेवावी.

पाण्याइतकाच आता रॅन्समवेअरचा धोका आहे. ते सर्व्हरला जोडलेल्या सगळ्या डिस्कपर्यंत पोहोचते, बॅकअपचीही सोडत नाही. २१ मार्च २०२१ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या सर्व्हरवर असा हल्ला झाला. क्लाउडवरच्या सर्व्हरचे बॅकअप नेटवर्कच्या वेगळ्या भागात होते म्हणून त्यांना लागण झाली नाही, असे महामंडळाने तेव्हा सांगितले. त्याआधी जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या हल्ल्याने मर्स्क कंपनीची जगभरची यंत्रणा बसली आणि मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरात तिच्या टर्मिनलवरची कंटेनरची कामेही ठप्प झाली. मर्स्कने सुमारे १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. पण कोणाला कुठे प्रवेश हे सांगणारा मुख्य नोंदवही-सर्व्हर जगभर सगळीकडे पुसला गेला होता. त्याची एकच प्रत घाना देशात वाचली, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती.

म्हणून एक डिस्क अशी हवी की जी बॅकअप घेण्यापुरतीच जोडली जाते आणि लगेच काढली जाते. चोवीस तास यूएसबीत खुपसलेली डिस्क या हिशेबात धरू नये.

कायद्याचेही थोडे आहे. ऑगस्ट २०२२ पासून कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना हिशेबाच्या संगणकीय पुस्तकांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोज ठेवावा लागतो. जीएसटीखाली हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. भागीदारी पेढ्यांनी आणि संस्थांनी आपल्या सनदी लेखापालांना विचारून घ्यावे.

सराव

तीन महिन्यांतून एकदा, रविवारी दुपारी, एखाद्या जुन्या संगणकावर पूर्ण बॅकअप चढवून पाहावा. शक्यतो रोज बॅकअप घेणाऱ्याने नव्हे, दुसऱ्याने, फक्त लिहिलेल्या कागदावरून. कागदावर कुठे अडले ते कळते आणि किती तास लागले तेही कळते. चार तास लागतात हे आधी माहीत असले तर खऱ्या वेळी गिऱ्हाइकाला तसे सांगता येते. एका जाड वहीत तारीख, कोणत्या दिवसाचा बॅकअप चढवला, नोंदींची संख्या, शेवटचा पावती क्रमांक, लागलेला वेळ आणि दोन सह्या एवढे लिहावे. ती वही, आज्ञांचा कागद आणि पासवर्डचे बंद पाकीट सर्व्हरच्या खोलीत ठेवू नये. पाकिटावरची तारीख पासवर्ड बदलला की बदलावी, आणि ते कोणाकडे आहे हे निदान दोघांना माहीत असावे.